स्टूलमध्ये (शौचाच्या नमुन्यात) हूकवर्म जंताची अंडी सापडंनात, मदत हवी आहे

मित्रांनो मी हिंगोलीकडं एका छोट्या लॅबमध्ये काम करायलोय. शेतात अनवाणी राबणारे, हिमोग्लोबिन 6-7 वर आलेले पेशंट येतात, हूकवर्मचा (अनवाणी पायातून शिरून आतड्यात रक्त पिणारा जंत) डाऊट असतो पण सलाईन अन् आयोडीनच्या स्लाईडवर काहीच दिसंना. मिठाचं सॅच्युरेटेड पाणी करून फ्लोटेशन (अंडी वर तरंगवून गोळा करायची रीत) केलं तर 2 जणांत अंडी घावली, पण बघायला जरा उशीर झाला की ती आकसून ओळखूच येईनात. फॉर्मॉल-ईथर (फॉर्मॅलिन अन् ईथर घालून, फिरवून अंडी तळाशी गोळा करायची रीत) करावं म्हणलं तर आमच्या उन्हाळ्यात ईथर ठेवायची भीती, भडकलं तर लॅबच जायची! त्याच्या जागी इथाइल अ‍ॅसिटेट कुणी वापरतंय का, 7 मिली फॉर्मॅलिनला 3 मिलीच घेता का, अन् जुनं सेंट्रीफ्यूज किती मिनिटं फिरवता? 3 दिवस सॅम्पल आणा म्हणलं तर पेशंट एकदाच डबी देऊन गायब होतात.