मदत हवी आहे: कोळसा खाण नव्या कंपनीकडे गेल्यावर जुन्या ढिगाऱ्यांची जबाबदारी कोणाची?

नमस्कार. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ज्या 204 कोल ब्लॉकचे वाटप रद्द केले, त्यांपैकी एका खुल्या खाणीबाबत आम्ही काही शेतकरी निवेदन तयार करत आहोत. ही खाण पुढे लिलावातून दुसऱ्या कंपनीला मिळाली. पहिल्या कंपनीने रचलेले ओव्हरबर्डनचे (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे) ढिगारे मात्र अजून उघडेच आहेत आणि पावसाळ्यात त्यांची माती नाल्यात व लगतच्या शेतांत उतरते. नवी कंपनी म्हणते की ढिगारे आमच्या काळातले नाहीत. जुनी म्हणते की खाणच आमच्या ताब्यात नसताना आम्ही तेथे काम कसे करणार. दोन्ही उत्तरे ऐकायला बिनतोड वाटतात, हीच खरी अडचण आहे.

हा केवळ कंत्राटदार बदलल्याचा प्रश्न नाही, हे आधीच स्पष्ट करतो. एमडीओ (खाण चालवणारा कंत्राटदार) बदलला, तरी पट्टेदार (खाणपट्टा ज्याच्या नावावर आहे तो) तोच असल्याने जबाबदारी त्याच्याकडेच राहते, असे मी समजतो. येथे पट्टेदारच बदलला आहे.

कोळसा खाणी (विशेष तरतुदी) अधिनियम, 2015 मी वाचला. त्याच्या कलम 8 नुसार निहित आदेशाने (व्हेस्टिंग ऑर्डर, म्हणजे खाण नव्या कंपनीकडे सोपवणारा आदेश) खाणीवरील हक्क नव्या कंपनीकडे बोजारहित स्वरूपात जातात, आणि कलम 14 प्रमाणे त्या आदेशापूर्वीच्या काळातील दायित्व जुन्या वाटपधारकाचेच राहते. ते नव्या कंपनीकडून किंवा केंद्र सरकारकडून वसूल करता येत नाही. थकलेली देणी किंवा दंड यांच्याबाबत हे समजण्यासारखे आहे. पण ज्या ढिगाऱ्यावर झाडे लावायची, उतार कमी करायचा आणि बाजूने चर खोदायचे, ते ‘पूर्वीच्या काळातील दायित्व’ की आज चालू असलेल्या खाणीचे काम? ढीग जुना असला, तरी त्यावरून माती आजही वाहते आहे. शिवाय पर्यावरण मंजुरी हस्तांतरित होते तेव्हा 2006 च्या अधिसूचनेनुसार ती त्याच अटींसह होते. त्या अटींत ढिगाऱ्यांचे स्थिरीकरण असेल, तर नव्या कंपनीला कलम 14 चा आडोसा घेता येऊ नये, असे मला वाटते. मात्र हा माझा तर्क आहे, त्याला निकालाचा आधार हवा आहे.

दुसरा गुंता पैशांचा आहे. कोळसा मंत्रालयाच्या 2009 च्या आणि 2013 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाण बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खाते (अटी पूर्ण होईपर्यंत पैसे अडकवून ठेवणारे बँक खाते) उघडावे लागते, ज्याचा लाभार्थी कोळसा नियंत्रक (मंत्रालयाच्या अखत्यारीतील अधिकारी) असतो. 2009 च्या किमतींनुसार खुल्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख आणि भूमिगत खाणीसाठी 1 लाख रुपये हा आधार धरला होता. त्या सूचनांनुसार दर पाच वर्षांनी झालेल्या कामाच्या प्रमाणात, कमाल 80 टक्के रक्कम परत मिळू शकत होती. खाणीचे वाटप रद्द झाल्यावर जुन्या कंपनीने भरलेल्या रकमेचे काय होते, हे मला कोठे नेमके सापडले नाही. अमेरिकेत खुल्या खाणींबाबतच्या 1977 च्या कायद्याखाली नव्या चालकाने स्वतःचे हमीपत्र दिल्याशिवाय जुन्याचे सुटत नाही; आपल्याकडे तशी साखळी कोठे लिहिलेली आहे का?

कृपया ज्यांनी अशी प्रकरणे हाताळली आहेत त्यांनी सांगावे: अशा वेळी राष्ट्रीय हरित लवादासमोर जुन्या व नव्या दोन्ही कंपन्यांना प्रतिवादी करावे का? पुनर्स्थापनेच्या अर्जासाठी 2010 च्या अधिनियमाच्या कलम 15 मध्ये पाच वर्षांची मुदत आहे. ही मुदत माती प्रथम शेतात आली तेव्हापासून मोजायची की दर पावसाळ्याचे नुकसान हे नवे कारण धरता येते? आणि माहिती अधिकाराखाली एस्क्रो खात्याचा तपशील, मंजूर खाण समापन आराखडा व निहित आदेश हे तिन्ही कोळसा नियंत्रकांकडेच मागावेत, की निहित आदेशासाठी मंत्रालयाकडे वेगळा अर्ज करावा लागेल?