कालिम्नोस बेटावरील कुटुंबे आणि बदललेला धंदा

प्रश्न (वर्सोवा): आमच्या कोळीवाड्यातील मुले होडी सोडून नोकरीकडे वळत आहेत. ग्रीसमधील कालिम्नोस बेटावर स्पंज (समुद्रतळाशी वाढणारे मऊ, सच्छिद्र जीव) काढण्याचा धंदा बसल्यावर घरे कशी चालली, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर (गिरगाव): एकोणिसाव्या शतकात पाणबुड्यांचा पोशाख आल्यावर माणसे अधिक खोल पाण्यात अधिक वेळ राहू लागली, पण घाईने वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन कित्येक जण लुळे झाले किंवा दगावले. ‘मिहानिकोस’ या तेथील नाचात पुढचा नर्तक काठी टेकत, थरथरत्या पायांनी अशाच लुळ्या पाणबुड्याची चाल दाखवतो. ईस्टरनंतर होड्या आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघत आणि शरद ऋतूत परतत. तोवर घराचा सगळा भार बायकांवर असे. 1986 मध्ये रोगाने स्पंज मेले आणि धंदा खचला. त्याआधीच अनेक जण फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्ज या स्पंजच्याच धंद्याच्या गावी गेले होते.

उत्तर (दादर): कालिम्नोसवर घर बहुधा आईकडून मुलीला मिळते आणि जावई राहायला येतो, हे मला फार मोलाचे वाटते. आता चुनखडीच्या कड्यांवर चढायला परदेशी गिर्यारोहक येतात आणि त्यांना खोल्या भाड्याने दिल्या जातात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आमच्याकडेही मासळीची विक्री बायकांच्याच हाती आहे. मात्र घर क्वचितच त्यांच्या नावावर असते.