लागलेला चित्रपट उतरण्यापूर्वी: गोव्यातील प्रेक्षकांचे अनुभव

दर शुक्रवारी नवे चित्रपट लागतात आणि त्यांतला कोणता पाहावा, हा प्रश्न सगळीकडेच पडतो. गोव्यात त्याला दुसरा प्रश्न चिकटलेला असतो, तो म्हणजे हा चित्रपट आपल्याजवळच्या पडद्यावर टिकणार किती दिवस. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक चार जणांचे मत कानावर येईपर्यंत थांबू शकतो. आपल्याकडे मराठी चित्रपटासाठी थांबलेला माणूस बहुधा हुकतोच, कारण पुढच्या शुक्रवारी तो उतरलेला असतो किंवा सकाळच्या एकाच खेळापुरता उरलेला असतो. तेव्हा नवा चित्रपट पाहायचा की नाही हे तुम्ही कसे ठरवता आणि तो अंदाज कधी फसला, हे येथे लिहावे.

सुरुवात माझ्यापासून. मी पर्वरीला राहतो आणि मराठी चित्रपट पहिल्या तीन दिवसांतच, परीक्षणे न वाचता पाहतो. निम्म्या वेळा पस्तावतो, हे कबूल केले पाहिजे. एकदा तर रात्री दहाच्या खेळाला आम्ही चौघेच होतो आणि प्रेक्षक नाहीत म्हणून खेळच रद्द झाला. पैसे परत मिळाले, चित्रपट मात्र आजतागायत पाहिलेला नाही.

डिचोलीहून

माझा निकष ऐकून हसाल, पण मी प्रथम चित्रपटाची लांबी पाहतो. पणजीतील संध्याकाळचा सहाचा खेळ दोन तासांचा असेल तर परतीची बस गाठता येते. पावणेतीन तासांचा असला की कुणाची तरी स्कूटर मागावी लागते, आणि मागून आणलेल्या स्कूटरवर पावसात डिचोली गाठायची म्हटल्यावर चित्रपट तेवढा चांगला असावाच लागतो. त्यामुळे लांबलचक चित्रपटांच्या बाबतीत माझे मत इतरांपेक्षा कठोर असते, आणि ते अन्यायाचे आहे असे मला वाटत नाही.

फोंड्याहून

घरात नऊ वर्षांचा मुलगा असल्याने मी चित्रपटाचे सेन्सॉर प्रमाणपत्र पाहते. पूर्वी मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांवर सरसकट ‘यूए’ लिहिलेले असे. 2024 पासून त्याचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले आहेत. यात एक मेख आहे. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशच नसतो, परंतु ‘यूए’पुढील आकडा ही पालकांसाठी सूचना असते, त्यामुळे दारावर कोणी अडवत नाही. जाहिरातीत सगळे हसत-खिदळत होते म्हणून मी एका 16+ विनोदी चित्रपटाला मुलाला घेऊन गेले आणि मध्यंतरातच बाहेर पडले. आता तिकीट काढण्याआधी तो आकडा वाचते. चित्रफलक कितीही रंगीत असला तरी.

पेडण्याहून

आमच्याकडे जत्रांच्या दिवसांत रात्र-रात्र दशावतार पाहिलेली माणसे घरोघरी आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये दिलीप प्रभावळकरांची मुख्य भूमिका असलेला ‘दशावतार’ लागला तेव्हा चवथ नुकतीच सरली होती, आणि कित्येक वर्षांत चित्रपटगृहाची पायरी न चढलेले माझे वडील आपण होऊन ‘जाऊया’ म्हणाले. कथेपेक्षा त्यांचे लक्ष नटाच्या उभे राहण्यावर आणि रंगलेल्या चेहऱ्यावर होते. खऱ्या दशावतारात संहिता हातात नसते, नट आपले तोंड आपणच रंगवतो आणि संवाद उभ्याउभ्या रचतो. ते पाहत आयुष्य गेलेल्या माणसाला पडद्यावरचा दशावतारी फसवू शकत नाही. बाहेर आल्यावर ते म्हणाले, ‘म्हाताऱ्यान काम केलां हां.’ त्यांच्या तोंडून एवढे निघणे म्हणजे पुष्कळच झाले. तेव्हापासून माझी एक समजूत झाली आहे: चित्रपट ज्या विषयाचा असेल, त्यातला जाणकार घरात असल्यास समीक्षकाला विचारू नये, त्यालाच सोबत न्यावे.

पणजीहून

2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आपल्याकडे होतो आणि मी त्यातील ‘इंडियन पॅनोरमा’ या भारतीय चित्रपटांच्या विभागातले चित्रपट पाहून एका वहीत नावे टिपून ठेवते. यांपैकी काही चित्रपट कित्येक महिन्यांनी थिएटरात लागतात, काही लागतच नाहीत. लागले तर मी ओळखीच्यांना फोन करून सांगते. मात्र वहीवरचा माझा स्वतःचा विश्वास थोडा उतरला आहे. महोत्सवात तासभर रांगेत उभे राहून मिळवलेला चित्रपट वाईट म्हणायला मन धजत नाही. तोच चित्रपट एप्रिलमध्ये, सकाळी सव्वादहाच्या खेळाला, रजा टाकून एका मैत्रिणीसोबत पुन्हा पाहिला तेव्हा तिला आलेल्या जांभया मला मोजता आल्या.

मडगावहून

चित्रपट मध्यम वाटत असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सध्या 5 टक्के जीएसटी लागतो आणि त्यावर गेले की 18 टक्के. सकाळच्या स्वस्त तिकिटात मध्यम चित्रपटही बरा वाटतो.

वास्कोहून

वरील सर्वांनी शुक्रवारच्या यादीवरून निवड केली आहे. मला सर्वाधिक आवडलेला चित्रपट त्या यादीत नव्हताच. ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट गोव्यात मुख्यतः सभागृहांतून दाखवला गेला. मी तो रवींद्र भवनात पाहिला तेव्हा पडद्यावर गाणे सुरू झाले की मागच्या रांगांतील वृद्ध मंडळी त्यासोबत गाऊ लागत, आणि त्यांना गप्प करण्याचे कुणाच्याही मनात आले नाही. तेव्हापासून नवे काय लागले आहे हे पाहायचे झाले की मी तिकिटांचे अ‍ॅप उघडतोच, पण बाजारातून परतताना रवींद्र भवनाच्या फाटकावरचे फलकही वाचून येतो.