205 जीटीआयची मागची बाजू घरी खाली घेणे: टॉर्शन बारचे दात फिरवावेत की हात लावूच नये?

दातमोज्या
पुढे बुटक्या स्प्रिंगा बसवल्या की प्यूजो 205 जीटीआय नाक खाली, शेपूट वर अशी उभी राहते. मग मागचंही खाली घ्यावंसं वाटतं आणि वाकून बघितल्यावर कळतं की मागे स्प्रिंगच नाहीत. आडव्या नळीच्या पुढे एक आणि मागे एक टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी, टोकांना दात असलेली पोलादी दांडी), दोन बाजूंना ट्रेलिंग आर्म (चाक धरून वर-खाली झुलणारा हात), नळीतून गेलेला अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी). या सगळ्या जोडणीला बीम म्हणतात. माझं मत: 25-30 मिमीपर्यंत खाली घेणं घरी जमतं, नवा भाग लागत नाही, आणि त्यात गैर काही नाही.

पुढच्या चाकांना ठोकळे लावा. मागून गाडी उचलून स्टँड बॉडीखाली द्या, बीमखाली नाही. आर्म जॅकने किंचित उचलून शॉकअपवरचा ताण काढा, मगच त्याचे बोल्ट सोडा आणि आर्म सावकाश लोंबू द्या. अँटी-रोल बारचा लिव्हर एका आर्मपासून मोकळा करा, नाहीतर एक बाजू हलवताना दुसरी ओढ देते. आता टॉर्शन बारमध्ये पीळ जवळपास उरलेला नसतो. हबच्या मध्यापासून चाकाच्या कमानीपर्यंतचं उभं अंतर मोजून लिहून ठेवा. गाडी 30 मिमी खाली हवी असेल तर लोंबत्या स्थितीतलं हे अंतर 30 ने कमी करायचं. वजन तेच, बार तोच, म्हणून पीळही तेवढाच पडतो आणि गाडी साधारण तेवढीच खाली बसते.

बार काढण्याआधी त्याचं टोक, आर्म आणि ब्रॅकेट यांवर पंचाने खुणा करा. टोकाचा बोल्ट-वायसर काढा, बारच्या आट्यांत बसणारा स्टड पिळा आणि सरकत्या हातोड्याने बाहेर खेचा. मग शॉकअपच्या जागी खोटी दांडी लावून आर्म नव्या उंचीवर धरा. दोन भोकांची जाड पट्टी चालते, स्टड-नटची लांबी बदलता येणारी दांडी असेल तर उत्तम. नुसत्या जॅकवर आर्म धरू नका, ठोकाठोकीत तो सरकतो.

आखूडशॉकअप
दात फिरवण्याचा भाग तुम्ही गाळलात, आणि लोक नेमके तिथेच फसतात. बारच्या दोन टोकांना दातांची संख्या वेगवेगळी असते. समजा एकीकडे 30 आणि दुसरीकडे 31. एकाच टोकाला एक दात सरकवला तर आर्म 12 अंश फिरला. आर्म 35 सेंमीचा धरा, चाक सात सेंमीहून जास्त हलतं. गाडी जमिनीला टेकलीच म्हणायची. पण एका टोकाला एक दात पुढे आणि दुसऱ्या टोकाला एक दात मागे घेतला की फरक उरतो जेमतेम 0.4 अंशाचा, म्हणजे चाकाशी अडीच मिमीच्या आसपास. आपापल्या बारचे दात मोजा आणि हाच हिशेब मांडा.

प्रत्यक्षात आर्म खोट्या दांडीवर धरलेला असताना बार एकेक दात फिरवून आत घालून बघायचा. दोन्ही टोकं एकदम, हाताच्या जोराने शिरतील अशी एक जागा सापडतेच. ठोकून घालावा लागतोय म्हणजे जागा चुकली आहे. डावा-उजवा बार अदलाबदल चालत नाही. कारखान्यात प्रत्येक बारला त्याच्या बाजूला लागणाऱ्या एकाच दिशेचा पीळ देऊन ठेवलेला असतो.

सरळरेषा
दोघांनाही विरोध. तुम्ही उंची कमी करताय, ताठपणा तेवढाच ठेवताय. बंपस्टॉपपर्यंत (आर्म वर जाऊन टेकतो त्या रबरापर्यंत) 70 मिमी जागा असेल तर 30 मिमी खाली घेतल्यावर 40 उरते. मागे दोघं बसले आणि खड्डा आला की आर्म थेट रबरावर. वळणावर तसं झालं तर मागचं टोक क्षणात ताठ होतं. आणि वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर शेपूट बाहेर फेकण्याबद्दल ही गाडी आधीच प्रसिद्ध आहे. खाली घ्यायचीच असेल तर जाड बार घाला. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 18 चा 19 मिमी केला तर सुमारे 24 टक्के, 20 केला तर 52 टक्के. नुसते दात फिरवणं म्हणजे फोटोपुरती गाडी.

दातमोज्या
जाड बारचं गणित मान्य. पण 52 टक्के ताठ बारवर जुना शॉकअप चालणार नाही, रिबाउंडला, म्हणजे दबलेलं चाक परत खाली येताना, गाडी उड्या मारेल. म्हणजे शॉकअप आले. मागचं टोक एवढं ताठ केलंत तर वळणावर मागची पकड आणखी कमी होते, मग ज्या सवयीची भीती दाखवताय तीच वाढते. 25 मिमीवर मूळ बार पुरतो. 40 च्या पुढे जाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांनी जाड बारच घ्यावा.

गोलस्प्रिंग
एवढ्या उपद्व्यापापेक्षा दुसऱ्या पिढीची गोल्फ जीटीआय बरी. मागे शॉकअपवर कॉइल स्प्रिंग, एक वेढा कापला की काम झालं.

आखूडशॉकअप
आठ कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग 14 टक्के ताठ होते, इथवर ठीक. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते, शिवाय गॅसने कापली असेल तर त्या जागी पोलादाचं पाणी उतरतं. टॉर्शन बारमध्ये निसटण्यासारखं काही नाही, हाच तर त्याचा फायदा.

कोरडीबेअरिंग
उंचीवर एवढी चर्चा, पण बीम धड आहे का हे कोणी विचारलं नाही. जुन्या 205 मध्ये आर्मच्या नीडल बेअरिंगचं (सुयांसारखे बारीक रोलर असलेल्या बेअरिंगचं) सील जातं, पाणी शिरतं, सुया गंजतात आणि आर्मच्या शाफ्टमध्ये चर पाडतात. ओळखायला सोपं: मागची चाकं वरून आत झुकलेली, खड्ड्यात करकर आवाज. चाक वर-खाली धरून हलवा, खेळ जाणवेल. खेळ असेल तर आधी बेअरिंग-सील, गरज पडली तर शाफ्ट, आणि नंतर उंची. बार तेव्हा निघतातच, एकाच कष्टात दोन्ही कामं होतात.

आणखी एक गैरसमज. "खाली घेतल्यावर चाकं तिरकी झाली" असं बरेच जण म्हणतात. सरळ ट्रेलिंग आर्ममध्ये उंची बदलल्याने कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) बदलत नाही, टो (चाकाचं पुढचं टोक आत-बाहेर वळणं) सुद्धा नाही. चाकं झुकली असतील तर बेअरिंग गेलं आहे, बिचाऱ्या लोअरिंगचा त्यात दोष नाही.

सरळरेषा
बेअरिंगबद्दल पूर्ण सहमत. माझाही मुद्दा त्यातूनच पुढे जातो: या वयाच्या बीममध्ये बार सहज निघेल असं पहिल्या प्रतिसादात गृहीत धरलंय. दात गंजून एकजीव झालेले असतात. मग लोक बत्ती लावतात, आणि तापवलेला बार कायमचा कामातून गेला. कोणी पान्याने धरून पिळतं, अंगावर ओरखडा पडतो, तिथूनच पुढे तडा जातो. घरी होतं म्हणायला ठीक, पण कुठे थांबायचं तेही सांगा.

दातमोज्या
रास्त. दोन-तीन दिवस आधीपासून दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल मारत राहा. खेचताना आर्मच्या दातांभोवतीच्या भागावर हातोड्याने टकटक करा, बारवर नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. स्टडचे आटे जायला लागले की थांबायचं आणि बीम उतरवून प्रेसवर न्यायचा. बार निघाला तर ओरखडे बघा, दात ब्रशने साफ करा, ग्रीस लावून घाला. अँटी-रोल बार दोन्ही आर्म एका उंचीवर आल्यावरच जोडा. शॉकअपचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा, नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

कोरडीबेअरिंग
यात दोन गोष्टी घाला. मागची बाजू खाली गेली की हेडलाइटचा झोत वर जातो, तो परत लावून घ्या. आणि बीमला जोडलेला ब्रेक प्रेशर व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत तो उंचीवरून भार ओळखतो. खाली घेतलेली रिकामी गाडी त्याला भरलेली वाटते, मागे जास्त दाब जातो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडकतात. अशा गाडीत त्याची दांडी नव्या उंचीला जुळवल्याशिवाय बाहेर काढू नका.

सरळरेषा
15 मिमी. त्याहून जास्त मूळ बारवर मला पटत नाही.

दातमोज्या
25. बंपस्टॉपला ग्रीस फासा, मागे दोघांना बसवून एक फेरी मारा. आर्मला किती ग्रीस लागलंय ते बघून आकडा ठरवू.