दोन धातूंची नळी: आतला थर फुटतो, दोष डायचा की तापमानाचा?

निखारा:
बाहेर कार्बन स्टील, आत निकेल मिश्रधातू ६२५. गरम एक्सट्रूजननंतर (तापवलेला धातू साच्याच्या तोंडातून दाबून काढल्यावर) नळी बाहेरून गुळगुळीत दिसते. उभी कापली की आतला थर बांबूच्या पेरांसारखा जाड-बारीक झालेला, आणि प्रत्येक बारीक जागी गोल चीर. लोक लगेच डायचा, म्हणजे त्या साच्याचा, कोन बदलायला धावतात. माझं ठाम मत, आधी तापमान बघा. ११५० अंश सेल्सिअसला ६२५ चा आकार बदलण्याला होणारा विरोध स्टीलच्या दुप्पट-तिप्पट असतो. मऊ स्टील पुढे सरकतं आणि मागे रेंगाळणाऱ्या कठीण थराला ओढतं. त्या ताणात तो जागोजागी बारीक होऊन तुटतो. म्हणून भट्टीतून काढलेलं बिलेट (दाबायचा पोकळ ठोकळा) बाहेरून थोडं निवू द्या. स्टील कडक होईल, आतला थर गरम राहील.

साचेकार:
पटत नाही. बिलेटच्या पोटात मॅन्ड्रेल (नळीचं भोक राखणारा दांडा) असतो, तोही बिलेटपेक्षा कितीतरी थंड. जो थर सर्वांत गरम हवा, तोच आधी गार होणार. मग बिलेटच जास्त तापवू म्हणाल, तर वर जागा किती? ६२५ साधारण १२९० अंशांना वितळू लागतो, आणि दाबताना धातू स्वतःही तापतो. रॅमचा (बिलेट ढकलणाऱ्या दट्ट्याचा) वेग जास्त असेल तर धातूच्या स्फटिककणांच्या सीमा सुटून वेगळ्याच चिरा पडतील. डायचा कोन लहान ठेवा, दोन्ही थर एकसारखे बारीक होतात.

निखारा:
मॅन्ड्रेलचं मान्य. पण बिलेटच्या भोकात काचेची पूड टाकतात ती त्यासाठीही. वितळलेली काच वंगण होते आणि उष्णताही अडवते. फ्रेंच अभियंता सेजुर्नेची ही पद्धत १९४० च्या दशकापासून चालत आली आहे. आणि डायपुढे काचेची चकती असेल तर धातूच्या वाटेचा आकार बराचसा तीच ठरवते. तुमच्या कोनाचा जोर तिथेच कमी होतो.

सांधा:
जोडाबद्दल कुणीच बोलत नाही! बिलेट बनवताना नळीत नळी घालून तोंडं वेल्ड केली आणि आत हवा राहिली, तर तापताना स्टीलवर ऑक्साइडची पापडी धरते. तिथे जोड बसत नाही, थर सुटा राहतो आणि एकटाच ताण खातो. हवा काढून बंद करा, किंवा हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगने (तापवून सगळ्या बाजूंनी वायूचा दाब देऊन) आधीच जोडून घ्या. पक्का जोड असला की स्टील त्याला एका जागी बारीक होऊ देत नाही.

साचेकार:
जोड पक्का असूनही फुटलेली नळी मी हातात धरली आहे. ६२५ चा थर फार पातळ होता. जाडी वाढवली तेव्हा चिरा थांबल्या.

निखारा:
६२५ महाग म्हणून तर आतून पातळ थर देतो. जाडी वाढवणं हा माझ्या लेखी शेवटचा उपाय. एकसारखी दोन बिलेटं घ्या, फक्त निवण्याचा वेळ बदला, नळ्या उभ्या कापून थराची जाडी मोजा.

साचेकार:
मोजा, पण दोन्ही टोकांना. बिलेटचा मागचा भाग मॅन्ड्रेलला जास्त वेळ चिकटून असतो. नळीच्या मागच्या टोकाला चिरा दाट असतील तर आतून गारवा लागतो आहे, बाहेरून कितीही निववा.