नानांचा परिच्छेद तिसऱ्यांदा उडाला

नाना: सगळ्यांनी लक्ष द्या. इंग्रजी विकिपीडियावर एका शहराच्या लेखात मी घातलेला मजकूर आज तिसऱ्यांदा काढून टाकला आहे. काढणारा तोच. नाव नाही, गाव नाही, नुसतं टोपणनाव. प्रत्येकाने आपापलं खातं उघडावं आणि मजकूर परत चिकटवावा. तो एकटा किती जणांना पुरून उरतो ते बघू.

काका: खातं उघडलं. पासवर्ड काय ठेवू?

वहिनी: काका, पासवर्ड ग्रुपवर विचारायचा नसतो.

दादा: थांबा. कुणीही काहीही चिकटवू नका. काका, तुम्हीसुद्धा.

दादा: नाना, असं केलंत तर तुमचं म्हणणं बरोबर असूनही खातं तुमचंच बंद होईल. एका माणसाने चार खाती काढून आपलीच बाजू मांडायला बंदी आहे, आणि मित्र-नातेवाईक गोळा करून आणणं त्याच पंक्तीत धरतात. संशय आला की मोजक्या विश्वासू सदस्यांकडे तपासणीचं साधन असतं, चेकयूजर नावाचं. कुठलं खातं कुठल्या आयपी पत्त्यावरून चाललं, ते साधारण तीन महिने मागचं त्यात दिसतं. आपण निम्मे लोक एकाच वायफायवर आहोत.

काका: म्हणजे आपण नातेवाईक आहोत हे त्यांना कळणार?

दादा: नातं नाही कळत. सगळे एकाच दाराने आत आले एवढं कळतं, आणि तेवढं पुरतं.

नाना: पण आम्ही दहा जण एक म्हणतो आणि तो एकटा दुसरं. बहुमत नावाची काही गोष्ट आहे की नाही?

दादा: तिथे नाही. हात मोजत नाहीत, मुद्दा बघतात. नव्या दहा खात्यांनी 'नाना बरोबर आहेत' लिहिलं तर त्याची किंमत शून्य, आणि एकाने पुस्तकाचं पान दिलं तर ते दहांना भारी.

काका: मी आत्ताच वाचलं, पोलंडच्या एका शहरावरून चक्क मतदान घेतलं होतं म्हणे.

दादा: ग्दान्स्क. बरोबर आहे, घेतलं होतं, २००५ मध्ये. पण ती अपवादाची गोष्ट. ते बंदर शतकानुशतकं जर्मन भाषकांचं होतं, तेव्हा डांझिग म्हणायचे. त्यामुळे शहराच्या लेखातच नाही, तिथे जन्मलेल्या प्रत्येक माणसाच्या लेखात एक जण डांझिग लिहायचा, दुसरा ते खोडून ग्दान्स्क करायचा. बाकीचे वैतागले, तेव्हा मतदान झालं. आणि निकालही 'अमुक नाव बरोबर' असा नाही लागला. कालखंड पाडले. १३०८ च्या आधी ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ डांझिग, १९४५ नंतर पुन्हा ग्दान्स्क.

वहिनी: वाटणीपत्रासारखं.

दादा: अगदी. उत्तर आयर्लंडमध्ये एकाच गावाला कुणी डेरी म्हणतं, कुणी लंडनडेरी. त्या वादात तर शहराच्या लेखाला डेरी आणि जिल्ह्याच्या लेखाला काउंटी लंडनडेरी अशी नावं ठेवून तोड काढली. तर्काने बघाल तर दोन्हीकडे एकच नाव हवं होतं. पण भांडण मिटलं.

आत्या: हे पोलंड आणि आयर्लंड राहू दे. नाना, तू नक्की काय लिहिलं होतंस ते आधी टाक बघू.

ताई: मी टाकते. लेखाच्या वर 'इतिहास' म्हणून कळ असते, तिथे कुणी कधी काय बदललं ते सगळं राहतं. काढून टाकलेलंही. तर नानांचे बदल असे. पहिल्या वाक्यात 'निसर्गरम्य, सुसंस्कृत आणि आतिथ्यशील शहर'. त्यावर काढणाऱ्याचा शेरा, 'जाहिरातीची भाषा'. मग लोकसंख्या वाढवली आहे. शेरा, 'हा आकडा कशाचा?' आणि स्थापनेचं वर्ष बदलून पंचवीस वर्षं मागे नेलंय. शेरा, 'संदर्भ नाही'. नाना, प्रत्येक वेळी तिन्ही बदल तुम्ही एका दमात परत घातलेत.

नाना: कारण तिन्ही बरोबर आहेत. निसर्गरम्य नाही का ते शहर?

दादा: असेल हो. पण कुठल्या शहराच्या लोकांना आपलं शहर निसर्गरम्य वाटत नाही? नदी कुठून वाहते, टेकड्या किती उंच, झाडी कसली, ते लिहा, ते राहील. रम्य की कसं ते वाचणारा ठरवेल. हा मुद्दा सोडा नाना, यात तुम्ही हरणारच.

नाना: आणि लोकसंख्या?

ताई: लोकसंख्येत मला वाटतं दोघंही बरोबर असाल. नगरपालिकेच्या हद्दीतली एक, आजूबाजूची जोडून वाढलेली वस्ती धरून दुसरी. तुम्ही दुसरी घेतलीत.

दादा: शहरांच्या लेखांत निम्मी भांडणं याचीच असतात. सिटी ऑफ लंडन म्हणून जो मूळ चौरस मैलाचा तुकडा आहे, त्याची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत नऊ हजारांच्याही आत. तेच ग्रेटर लंडन धरलं तर ८८ लाख. दोन्ही आकडे सरकारी, दोन्ही खरे. चीनमधलं चोंगचिंग त्याच्या उलट. जगातलं सगळ्यात मोठं शहर म्हणून त्याचा ३ कोटींवर आकडा देतात, पण त्या 'शहराचं' क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर आहे, जवळजवळ ऑस्ट्रिया देशाएवढं. आत शेती, डोंगर, खेडी सगळं आलं. म्हणून आकड्याशेजारी हद्द कोणती आणि वर्ष कोणतं हे लिहायचं. लेखाच्या बाजूला जी माहितीचौकट असते, तिच्यात दोन्हींना वेगळे रकाने असतात. तुम्ही एक खोडून दुसरा घातलात, म्हणून तो चिडला.

नाना: हे त्याने मला सांगायला काय झालं होतं? नुसतं उडवायचं?

दादा: इथे मी तुमच्या बाजूचा आहे. 'हा आकडा कशाचा' असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता कळ दाबायची, ही जुन्या संपादकांची खोड आहे. नवा माणूस दोनदा असा उडवला गेला की परत येत नाही. नियमांत नवख्यांना सांभाळून घ्या असं लिहिलंय. पाळतात कमी.

काका: नियमाचं निघालं म्हणून. एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवला, म्हणजे रद्द केला, की खातं अडवतात, असा नियम आहे ना? त्यानेही तीनदा उलटवलंय. नाना, आज आणखी एकदा घालाच. तो चौथ्यांदा काढेल आणि अडकेल.

नाना: हे बेस्ट आहे.

दादा: काही बेस्ट नाही! घालताना तुम्हीही त्याचा बदल उलटवताच आहात, म्हणजे तुमचाही आकडा वाढतो. आणि तीन हा काही रोजचा कोटा नाही. मुद्दाम सापळा लावला असं दिसलं तर प्रचालक, म्हणजे खाती अडवायचा अधिकार असलेला सदस्य, तीनच्या आतही अडवतो. हा इतिहास उघडा असतो, वाचणारे मूर्ख नसतात.

(काकांनी फुलांच्या फोटोवर 'शुभ सकाळ' टाकलं. दुपारचे दोन वाजले होते. कुणी काही बोललं नाही.)

नाना: बरं, वर्षाचं बोला. तिथे मी माघार घेणार नाही. माझ्याकडे पुस्तक आहे.

ताई: लेखात पुस्तकाचं नाव दिलंत?

नाना: नाव कशाला? त्या शहराबद्दल चार पुस्तकं वाचलेला माणूस आहे मी.

दादा: नाना, तुम्ही वाचलीत हे आम्हाला माहीत आहे. त्याला तुम्ही म्हणजे एक टोपणनाव. जसा तो तुम्हाला. तिथे माणसाची पत चालत नाही, प्राध्यापक असला तरी 'मला माहीत आहे' म्हणून भागत नाही. त्यालाही कारण आहे. बिचोलिमचा किस्सा ऐकलाय का कुणी?

वहिनी: बिचोलिम म्हणजे आपलं गोव्यातलं डिचोली?

दादा: तेच. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'बिचोलिम संघर्ष' नावाचा लेख आला. पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०-४१ मध्ये युद्ध झालं, मग तह झाला, असं सविस्तर. खाली पुस्तकांची यादी. त्याला 'चांगला लेख' असा अधिकृत शिक्कासुद्धा मिळाला.

नाना: १६४०? शिवाजी महाराज तेव्हा दहा वर्षांचे होते! कुठलं मराठा साम्राज्य?

दादा: सगळं रचलेलं होतं. युद्धही आणि पुस्तकंही. २०१२ च्या डिसेंबरात लेख उडाला. पाच वर्षांहून जास्त काळ होता.

नाना: मग हे माझ्याच बाजूचं झालं. जाणकार माणसाने एका ओळीत पकडलं असतं. पण जाणकारांना तिथे कोण विचारतं!

दादा: अर्धं तुमच्या बाजूचं. पकडलं कसं ते बघा ना. यादीतली पुस्तकं एकाने शोधायला घेतली, तेव्हा ती अस्तित्वातच नाहीत हे कळलं. 'मला माहीत आहे' विरुद्ध 'मलाही माहीत आहे' असं चाललं असतं तर वाद आजही चालू असता. पुस्तकाचं नाव असलं की तिऱ्हाइताला तपासता येतं. एवढ्यासाठीच तो संदर्भ मागतो. तुम्ही खोटं बोलताय असं तो म्हणत नाहीये.

आत्या: मला एक सांग. ज्याचं कुणी पुस्तक लिहिलंच नाही, ते काय झालंच नाही का? मोठ्या शहरांवर कपाटं भरून पुस्तकं आहेत. लहान गावात तलाव कुणी बांधला, बाजार कुठून कुठे हलला, हे चार म्हाताऱ्यांच्या तोंडी असतं. ती गेली की संपलं. आणि तुझा तो टोपणनाववाला म्हणणार, संदर्भ नाही.

दादा: आत्या, याला माझ्याकडे धड उत्तर नाही. त्यांच्यातही नाही. २०११ मध्ये विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, पैशातून एक प्रयोग झाला होता, भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत. लोकांच्या तोंडी माहितीचं ध्वनिमुद्रण करायचं आणि तेच लेखाला संदर्भ म्हणून जोडायचं. इंग्रजी विकिपीडियाने अशा संदर्भांना दार उघडलं नाही. कारण पुन्हा तेच, एक म्हातारा एक सांगतो, दुसरा दुसरं, कुणाचं धरायचं?

आत्या: पुस्तकं लिहिणाऱ्यांतही एक एक सांगतो, दुसरा दुसरंच. त्यांचं बरं चालतं.

वहिनी: आत्या १, दादा ०.

दादा: मान्य. म्हणून माझं म्हणणं एवढंच की तोंडी असेल ते आधी कुठेतरी छापून आणा. चांगलं मासिक, जिल्ह्याचा इतिहास, असं विश्वासार्ह काहीतरी. नंतर ते लेखात येऊ शकतं. पण नाना, इथे तुमच्याकडे छापील पुस्तक आहे! आत्याची अडचण तुम्हाला नाहीच, आणि तरी तुम्ही नाव देत नाही आहात.

नाना: दिलं तर राहील?

दादा: तुमचंच एकट्याचं नाही राहणार. दुसऱ्या वर्षालाही पुस्तक आहे, लेखात दिलंय. मग दोन्ही लिहायची. 'अमुक पुस्तकानुसार या वर्षी, तमुकनुसार त्या वर्षी.' कोण बरोबर ते लेख ठरवत नाही.

नाना: म्हणजे चूक असलेलंही राहणार.

दादा: हो.

(यानंतर बराच वेळ नाना टायपिंग दिसत राहिलं आणि काहीच आलं नाही.)

ताई: नाना, प्रत्येक लेखाला वाद घालायला वेगळं चर्चा पान असतं, तिथे लिहा. लेखात नाही. मी मसुदा करते, वहिनी इंग्रजी करेल. "नमस्कार. आपण माझे बदल काढलेत त्याबद्दल बोलायचं आहे. पहिल्या वाक्यातली विशेषणं मी सोडून देतो. लोकसंख्येचे दोन्ही आकडे हद्दीच्या उल्लेखासह ठेवावेत असं वाटतं. स्थापनेच्या वर्षाबद्दल माझ्याकडे दुसरं पुस्तक आहे, तपशील देतो. आपलं मत कळवावं."

नाना: 'आपण' कशाला त्याला? आणि विशेषणं सोडून देतो हे कुणी ठरवलं?

आत्या: मी.

वहिनी: टाकलं. खाली सही म्हणून चार वेळा टिल्डचं चिन्ह (~) द्यायचं असतं, तेही दिलं. काका, तुम्ही तिथे जाऊन 'सहमत' लिहू नका.

काका: लिहिलं होतं. काढतो.

दादा: काका!! खोडू नका आता, खोडलेलंही इतिहासात राहतं. त्याखाली लिहा की मी यांचा नातेवाईक आहे. उघड सांगितलं की कुणी धरत नाही.

...

वहिनी: उत्तर आलं. म्हणतो, "धन्यवाद, हे आधीच चर्चेत आलं असतं तर बरं झालं असतं. लोकसंख्येचं मान्य, मीच रकाना भरतो. वर्षासाठी पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती, पान क्रमांक द्या. दोन्ही ठेवायला हरकत नाही."

काका: चांगला माणूस दिसतोय.

नाना: आधीच चर्चेत आलं असतं म्हणे. उडवत कोण होतं? असो. पुस्तक सापडत नाहीये. कुणी नेलंय का?

आत्या: माझ्याकडे आहे. तूच दिलं होतंस. बघते.

दादा: आत्या, पानाचा फोटो इथे ग्रुपवर टाका. विकिपीडियावर चढवू नका, पुस्तकाचा स्वामित्वहक्क असेल. तिथे नुसता तपशील पुरतो.

आत्या: सापडलं. दुसरी आवृत्ती आहे. वर्ष दिलंय, नाना म्हणतो तेच. पण खाली बारीक अक्षरात तळटीप आहे, वाचू का? "हे वर्ष गावातील वृद्ध मंडळींनी सांगितल्यावरून दिले आहे."

वहिनी: अरेच्चा.

आत्या: म्हणजे शेवटी तोंडीच की रे दादा.

दादा: छापलंय ना. चालेल. पण तळटीपेचाही उल्लेख करू, उद्या कुणी पुस्तक उघडलं तर लपवलं असं नको व्हायला.

नाना: करा. 'गावातील वृद्धांनी सांगितल्याप्रमाणे' असं स्पष्ट घाला. आणि दुसऱ्या पुस्तकात तळटीप काय आहे तेही बघा जरा.

ताई: ते वाचनालयातून आणावं लागेल. शनिवारी जाते.