डायमधून आतली नक्षी कापलीच जात नाहीये, रविवारपर्यंत कार्ड हवंय

सांजवेळ_इंदूर
मदत हवी आहे, लवकर. रविवारी आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन एक मोठं कार्ड करतेय, मधे चंद्र आणि भोवती मोगऱ्याची वेल. वेल डायने, म्हणजे धारदार कडांच्या धातूच्या साच्याने, मशीनमध्ये दाबून कापतेय. बाहेरची कड सुटते, पण आतल्या बारीक पाकळ्या कापल्याच जात नाहीत. चार-चार वेळा फिरवलं. सुईने उकरायला गेले तर कागद फाटतो. काल रात्री एक वाजेपर्यंत हेच चाललं होतं. कागदाच्या दोनच शीट उरल्यात. काय करू?

कागदवेडा
मशीन कोणतं? डाय पातळ पत्र्याची की फोम लावलेली जाड? कागद किती जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम?

कात्री_ब्लेड
मशीन राहू द्या बाजूला. वेल पेन्सिलने काढा आणि ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने कापा. रुखवतासाठी मी वीस वर्षं कागदी नक्षी हातानेच कापतेय. आधी आतली भोकं, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, नाहीतर कागद धरायला जागा उरत नाही. वळणावर ब्लेड नाही, कागद फिरवायचा.

सांजवेळ_इंदूर
ताई, तुमचा हात बसलेला आहे, माझा नाही. मला बारा वेली हव्यात आणि आज गुरुवार आहे. @कागदवेडा, हँडल फिरवायचं मशीन आहे. डाय पातळ. कागद जाड आहे, चांगला.

जुनी_पत्रपेटी
टपालाचं आत्ताच बघून ठेवा. ए४ कागद ३०० जीएसएमचा असेल तर नुसतं कार्डच १९ ग्रॅमच्या आसपास जातं आणि पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. वर पाकळ्या, चंद्र, पाकीट म्हणजे जास्तीचं तिकीट नक्की. फोम टेपवर उठाव दिलेली फुलं शिक्क्याखाली चेपतात, म्हणून आत एक पुठ्ठा घाला.

सांजवेळ_इंदूर
काका, आजी आमच्याच घरात खालच्या मजल्यावर राहते.

कागदवेडा
"जाड, चांगला" यावरून काही कळत नाही. कुठला कागद? आणि प्लेटा कशा रचताय, खालून वर क्रमाने सांगा.

सांजवेळ_इंदूर
हँडमेड पेपर आहे, खजुरी बाजारातून आणलेला, गुलाबाच्या पाकळ्या घातलेला. मशीन आतेबहिणीचं. तिच्या फोमवाल्या डाय त्यात मस्त चालायच्या. रचना अशी: खालचं प्लॅटफॉर्म, वहीचा पुठ्ठा, पारदर्शक प्लेट, डाय, कागद, दुसरी पारदर्शक प्लेट. पुठ्ठा एवढ्यासाठी की सोबतची एक प्लेट हरवलीय.

कागदवेडा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. दोन चुका आहेत. फोमवाली डाय जाड, पातळ डाय जेमतेम एक मिलिमीटरची. तो फरक भरून काढायलाच ती हरवलेली प्लेट होती. वहीचा पुठ्ठा मऊ. रोलरचा दाब तोच पितो. कडेला पातं मोकळं असतं म्हणून तिथे कापतं. मधे पाती दाट, दाब वाटला जातो आणि नक्षी नुसती उमटते. दुसरं म्हणजे हँडमेड पेपरमध्ये सुताचे लांब धागे असतात. ते तुटत नाहीत, ओढले जातात. त्यात सुकलेली पाकळी पात्याखाली आली की झालंच.

नेमप्लेट करणाऱ्याकडून ३ मिमी अॅक्रिलिकचा तुकडा कापून घ्या, हरवलेल्या प्लेटच्या जागी तो. तरी कमी पडलं तर साधी कार्डशीट एकेक करून वाढवा. हँडल जड लागायला हवं, पण लटकून फिरवायचं नाही. वेलीसाठी गुळगुळीत १६० ते १८० जीएसएम. डाय सरळ न ठेवता थोडी तिरपी ठेवा, म्हणजे सगळी पाती एकदम रोलरखाली येत नाहीत. डाय आणि कागदामध्ये बटर पेपर घाला, नक्षी अडकणार नाही.

मोगरा_ग्वाल्हेर
कापायच्या आधीच कागदामागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी शीट लावा! वेल स्टिकरसारखी सुटते. गोंदाची कटकटच नाही.

कात्री_ब्लेड
आणि ती चिकट शीट पात्यात अडकली की डाय पुसत बसा. पांढरा गोंद, टूथपिकने, ठिपके ठिपके. आम्ही कायम तेच करतो.

मोगरा_ग्वाल्हेर
गोंदात पाणी असतं. पातळ कागद फुगतो, वेल लाटा घेते. मी स्वतः दोन कार्डं फेकलीत.

कात्री_ब्लेड
तुम्ही जास्त लावला असणार. लावल्यावर वरून जाड पुस्तक ठेवा, रात्रभर.

माळव्याची_लेक
अवांतर, पण मोगऱ्याची वेल वाचून संजा आठवली. पितृपक्षात आम्ही मुली भिंतीवर शेणाची संजा काढायचो आणि त्यावर फुलांच्या पाकळ्या लावायचो. आजीच्या लहानपणी तर नक्कीच असेल. कार्डात एखादी पाकळी तशी बसवता आली तर बघा.

जुनी_पत्रपेटी
आजींना ८१ पूर्ण झाली का? हजार पौर्णिमांचा हिशेब केला तर ८० वर्षं आणि साधारण १० महिने येतात.

सांजवेळ_इंदूर
काका, तारीख गुरुजींनी काढून दिलीय.

संध्याकाळी सियागंजजवळून अॅक्रिलिक आणलं. १७० जीएसएमवर पहिल्याच फेरीत वेल सुटली, एकूण एक पाकळी. अॅक्रिलिकवर आणखी एक कार्डशीट घालावी लागली. प्लेट कडकड वाजते, ते चालतं ना? हँडमेड कागद चंद्रासाठी ठेवलाय, तो कात्रीनेच कापेन, त्याला नक्षी नाहीच. ठिपक्यांनी गोंद लावून एक वेल पुस्तकाखाली ठेवलीय. @माळव्याची_लेक, आजीला विचारलं. ती अर्धा तास संजेची गाणी म्हणत होती. चंद्राच्या खाली गुलबक्षी लावायची म्हणतेय.

कागदवेडा
कडकड चालते. प्लेट दर वेळी उलटी करा, नाहीतर एकाच बाजूला वाकेल.

नवखी_कलाकार
माझ्याकडेही असंच मशीन आहे, एम्बॉसिंग (उठावाची नक्षी) नीट उमटत नाही. काय करू?

कागदवेडा
नवा धागा काढा. आणि प्लेटा कशा रचताय ते आधी लिहा.